यादी लागेपर्यंत

मुलांचे प्रवेश आणि खरिपाची पेरणी ही दोन्ही कामे एकाच वेळी अंगावर यावीत, हे शेतकऱ्याच्या घराचे नेहमीचेच. एकीकडे बियाणे, खते, सोसायटीचे कर्ज. दुसरीकडे दाखले, झेरॉक्स आणि फी. दहावी-बारावीच्या प्रवेशांची आता सर्वांना सवय झाली आहे. पदवीच्या पुढच्या प्रवेशाचे मात्र तसे नाही. तो किती महिने चालतो, मध्ये काय काय होते, केव्हा काय कळते, याची गावात कोणाला कल्पना नसते. मग घरातली माणसे हळूहळू त्या मुलीकडेच संशयाने पाहू लागतात. आमच्या घरी २०२४ साली हेच घडले. त्यात मीही एक होतो, म्हणून लिहितो आहे.

माझे थोरले बंधू खटाव तालुक्यात शेती करतात. खरिपात बटाटा आणि घेवडा, रब्बीत ज्वारी, थोडा गहू, दावणीला चार गायी. त्यांची मुलगी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करीत होती. हे कसले शास्त्र, असे दादांनी तिला एकदाच विचारले. ती म्हणाली, "काका पीक कापणी प्रयोग करतात ना, त्याच्यामागचं शास्त्र." झाले! दादांचा चेहरा उतरला. कारण त्या प्रयोगावर त्यांचा जुना राग. आपले पीक गेले असताना मंडळाची सरासरी बरी निघाली आणि विम्याचा पैसा मिळाला नाही, असा अनुभव त्यांनी घेतलेला.

पण पोरगी बोलली ते खरे होते. ती दहा वर्षांची असताना एका प्रयोगाला माझ्याबरोबर आली होती. गव्हाच्या पिकात १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा चौकोन आखायचा, तेवढेच कापून, मळून, वजन करायचे. टेपचे एक टोक तिच्या हातात दिले होते. चौकोन कोठे आखायचा हे ना मी ठरवतो, ना शेतकरी. यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून जे आकडे येतील तितकी पावले बांधाच्या कोपऱ्यापासून चालायचे. "चांगलं पीक आहे तिकडं का नाही घेत?" असे तिने विचारले. मी म्हणालो, "तिकडं घेतलं तर तो प्रयोग राहत नाही, ती आवड होते." हे वाक्य तिच्या डोक्यात बसले असावे. पुढे दादांना तिनेच समजावले की एका चौकोनावर कोणाचाच भरवसा नसतो; पण ठिकठिकाणचे बरेच चौकोन धरले की चांगले-वाईट कोपरे एकमेकांना सांभाळून घेतात. दादांना ते पटले असे मी म्हणणार नाही.

वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, हे शास्त्र शेतावरच वाढलेले आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये दाखल झाले आणि प्लॉट पाडून खतांचे, वाणांचे प्रयोग कसे करावेत याची घडी त्यांनी बसवली. आपल्याकडे पीक कापणीच्या पद्धतीला शास्त्राचा पाया देण्यात मोठा वाटा होता डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा. ते १९११ साली जन्मले ते आमच्याच खटाव तालुक्यातील बुध गावात. लंडनहून १९३६ मध्ये पीएच.डी. घेऊन आलेला हा माणूस पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. त्यांनी डॉ. वि. गो. पानसे यांच्यासह लिहिलेले पुस्तक आम्हा कृषी पदवीधरांना अभ्यासाला होते. मी त्यात काठावर पास झालो, तो भाग वेगळा. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला तोही आपल्या कोल्हापूरच्या वसंतराव हुजुरबाजारांनी. तेव्हा पोरीने काही जगावेगळे धरले होते असे नाही.

पदव्युत्तर प्रवेशासाठी तिने दोन मोठ्या परीक्षा द्यायच्या ठरवल्या. एक 'जॅम', म्हणजे आयआयटींमधील एम.एस्सी.साठीची सामाईक परीक्षा. ती फेब्रुवारीत होते. संख्याशास्त्राचा पेपर वेगळा असतो, तीन तास, १०० गुण. निकाल मार्चमध्ये लागतो, पण निकाल म्हणजे प्रवेश नव्हे! क्रमांक हाती आल्यावर पुन्हा अर्ज भरायचा, संस्थांचा पसंतीक्रम द्यायचा, आणि मग एकामागून एक याद्या लागत जातात त्या थेट जुलैपर्यंत. दुसरी परीक्षा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये काढलेली ही संस्था. तिच्या एम.स्टॅट.ची लेखी परीक्षा मे महिन्यात, त्यात निवडलेल्यांना मुलाखत, मग यादी.

म्हणजे हरभरा काढण्यापासून बटाट्याच्या लागणीपर्यंत घराने नुसते थांबायचे. हे आम्हाला कोणी आधी सांगितले असते तर निम्मा ताप वाचला असता.

मार्चमध्ये तिचा क्रमांक आला, तीन आकडी. सगळ्या देशात तीन आकडी म्हणजे चांगलाच. दादांनी गावात पेढे वाटले आणि तेथेच घोटाळा झाला. लोक विचारू लागले, "मग कवा जाणार?" ती म्हणे, "अजून नक्की नाही." एप्रिल गेला, तरी तेच. गावाचा हिशेब सरळ असतो. पास झाली तर जाते, जात नाही त्या अर्थी पास झाली नसावी. वहिनींना पाणवठ्यावर आणि डेअरीवर हे ऐकावे लागले.

अशातच एक स्थळ आले. मुलगा पुण्याकडे कंपनीत, माणसे चांगली. त्यांचे म्हणणे एवढेच की अक्षय्यतृतीयेपर्यंत काय ते सांगा. अक्षय्यतृतीया होती १० मे रोजी आणि कोलकात्याची परीक्षा त्यानंतरच्या रविवारी, १२ तारखेला. लोकसभेचे मतदान ७ मे रोजी आटोपले, माझी निवडणुकीची ड्यूटी संपली आणि मी घरी गेलो तर दादा ओसरीवर बसलेले. "साहेब, तुम्ही सांगा आता. हातातलं सोडून पळत्याच्या मागं लागायचं का?" मी नोकरीत शेतकऱ्यांना सल्ले देण्याचेच काम करतो, पण त्या रात्री मला सल्ला सुचला नाही, हे कबूल करतो.

बोलली ती आमची आई. "तुझ्या पोरीनं परीक्षा दिलीय ना? मग निकाल लागूस्तवर कणसाला हात लावायचा नाही. हुरड्यात मोडलंस तर जवारी कशी हुईल?" स्थळाला निरोप गेला की जुलैपर्यंत थांबता आले तर पाहा. ते थांबले नाहीत. वहिनी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

आणि १२ मेची ती परीक्षा? ती तिला अवघड गेली. मुलाखतीच्या यादीत तिचा क्रमांक नव्हता. तिने यादी वरून खाली, खालून वर तीनदा पाहिली. मग उठून गोठ्यात गेली आणि धारा काढल्या.

आता राहिल्या जॅमच्या याद्या. या दिवसांत तिने केलेले एक काम मला फार आवडले. मागील वर्षी कोणत्या संस्थेत कितव्या क्रमांकापर्यंत प्रवेश मिळाला, हे आकडे पाहायला मिळतात. तिने तीन वर्षांचे आकडे वहीत उतरवले आणि आम्हाला सांगितले, "पहिल्या यादीत शक्यता कमी. दुसऱ्या-तिसऱ्या यादीत बरी. वरचे विद्यार्थी दुसरीकडे जातात तशा जागा मोकळ्या होतात." दादांनी विचारले, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की काहीच नाही. तीन वर्षांवरून फार बोलू नये." त्याच वर्षी १५ एप्रिलला हवामान खात्याने पाऊस सरासरीच्या १०६ टक्के, पाच टक्के कमी-जास्त, असा अंदाज दिला होता. ती म्हणाली, "आबा, तुम्ही यावर बियाणं आणायचं ठरवलंच की नाही? माझंही तसंच धरा." (त्या मोसमात देशात पाऊस १०८ टक्के झाला.) त्या दिवसानंतर दादा "लागली का यादी?" असे विचारीनासे झाले. आई मात्र रोज विचारायची.

थांबायचे म्हणजे हातावर हात ठेवून बसायचे नसते. याबाबतीत आमची एक चूक थोडक्यात वाचली, ती सांगतो. पोरीकडे जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला होता, पण तो राज्याच्या नमुन्यातला. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तोही ठराविक तारखेनंतर काढलेला. शिवाय आपल्याकडे भटक्या जमातींत गणल्या जाणाऱ्या काही जाती केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात. तेथे राज्याचा दाखला पुढे केला तर अर्जाचा गोंधळ होतो. हे काम तहसील कचेरीत दोन-तीन आठवडे खाते. निवडणुकीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. उत्पन्नाबद्दलही आपल्या लोकांचा गैरसमज असतो. केंद्राच्या इतर मागासवर्गाच्या नियमात ८ लाखांची मर्यादा पाहताना शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. जमिनीचा निकष निराळा आहे. याउलट आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याला शेतीचे उत्पन्न धरतात, आणि ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असली की तो मिळतच नाही. तेव्हा पोरांनी परीक्षेचा अर्ज भरला की त्याच महिन्यात सातबारा आणि आठ-अ घेऊन तहसील गाठावी. निकालाची वाट पाहू नये.

पहिली यादी लागली तेव्हा वहिनी बियाण्याचे बटाटे निवडत होत्या. घरात रेंज नाही, म्हणून पोरगी पाण्याच्या टाकीवर चढली होती. तेथूनच तिने हाताने 'नाही' अशी खूण केली. तिच्या वहीप्रमाणेच झाले होते, तरी जेवताना कोणाच्या घशाखाली घास उतरेना.

मधल्या दिवसांत जवळच्या शहरातील एका महाविद्यालयात एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला. तेथे फी भरायची मुदत आयआयटीच्या दुसऱ्या यादीच्या आधी संपत होती. खिडकीवरच्या कारकुनाने बजावले, "एकदा भरलेली फी परत नाही, आणि मूळ दाखले आमच्याकडे जमा." दादा पैसे न भरताच परत आले. हे मात्र चुकीचे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे की महाविद्यालयाने मूळ दाखले पडताळून परत द्यायचे, अडकवून ठेवायचे नाहीत. फीबद्दलही दर वर्षी आयोगाची तारीख निघते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी परत, असे होते. त्या त्या वर्षीची तारीख पाहून तो कागद बरोबर न्यावा. मी तो छापून नेला तेव्हा त्याच खिडकीवर आवाज खाली आला. फी भरली, जागा धरून ठेवली आणि घर जरा स्वस्थ झाले.

दुसऱ्या यादीत कानपूर आले.

तिची पहिली पसंती मुंबईची होती. दादा म्हणाले, "मुंबई नाही ना मिळाली? मग नको म्हणून टाक." येथे फार सावध राहायचे असते. जागा आली की तीन वाटा असतात: ती घेऊन तेथेच थांबायचे; ती घेऊन वरच्या पसंतीची वाट पाहायची; किंवा नाकारायची. नाकारली की पुढच्या याद्यांतूनही नाव जाते. मुदतीत काहीच कळवले नाही, तरी तेच. दुसरी वाट धरली तर हातची जागा राहते आणि वरचीही आशा राहते. मात्र वरची मिळाली की खालची आपोआप सुटते, म्हणून मुळात पसंतीक्रमच विचार करून भरावा. तिने दुसरी वाट धरली. पैसे भरायच्या शेवटच्या दिवशी गावात वीज नव्हती; वडूजला जाऊन भरले.

पैशांवरून दादांनी दोन गायी विकायचे मनात घेतले होते. बँकेत चौकशी केली तेव्हा कळले की साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत जमिनीचे तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असला की चालते. गायी राहिल्या.

पुढच्या याद्या लागल्या. मुंबई आली नाही. बटाट्याची लागण संपली त्या आठवड्यात दादांनी विचारले, "कानपूर किती लांब?" एवढ्यावरून आम्ही समजलो. पुण्याच्या स्टेशनावर आम्ही सगळे गेलो होतो. आईने पिशवीत घेवडा बांधून दिला होता, तिकडे मिळतो की नाही म्हणून.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "काका, तुमच्याकडं पानसे-सुखात्मेंचं पुस्तक होतं ना?" माळ्यावरच्या ट्रंकेत सापडले. कव्हर नाही, पहिली चार पाने नाहीत, आणि समासात माझ्या अक्षरात ठिकठिकाणी प्रश्नचिन्हे. सुट्टीला आली तेव्हा ते घेऊन गेली.