उष्णतेने उघडणारे कण

कर्करोगावरील रसायनोपचारात औषध बहुधा शिरेतून दिले जाते आणि ते रक्ताबरोबर सर्वांगात फिरते. गाठ यकृतात असली तरी केस गळतात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाने तर हृदयाच्या स्नायूला इजा पोहोचू शकते; म्हणून एका रुग्णाला ते आयुष्यभरात एकूण किती द्यावे, यालाच मर्यादा असते. तेव्हा औषध किती प्रभावी आहे या प्रश्नाइतकाच ते कोठे पोहोचते हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

१९७८ साली अमेरिकेतील मिल्टन यॅटविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मार्ग सुचविला. औषध मेदद्रव्याच्या पोकळ कणांत भरून रक्तात सोडावे आणि केवळ गाठीचा भाग किंचित तापवावा. अशा कणाला लायपोसोम म्हणतात. त्याचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. (‘नॅनो’ हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ ‘खुजा’. मराठीतील ‘अब्जांश’ हा पर्याय मला अधिक नेमका वाटतो. तो नुसते लहानपण न सांगता माप सांगतो.)

कण उघडतो कसा, हे समजण्यासाठी हिवाळ्यात थिजलेले तूप आठवावे. त्याप्रमाणेच कणाच्या भिंतीतील मेदरेणूंनाही थिजण्या-वितळण्याचे ठरावीक तापमान असते. योग्य मेद निवडल्यास ते ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास आणता येते. शरीराच्या ३७ अंशांना भिंत घट्ट राहते; चार अंश वाढताच रेणूंची मांडणी सैलावते, फटी पडतात आणि औषध पाझरते. तुपाची उपमा येथे थोडी अपुरी पडते, कारण भिंत वितळून वाहून जात नाही. २००० च्या सुमारास ड्यूक विद्यापीठात डेव्हिड नीडहॅम प्रभृतींनी भिंतीत एकच शेपूट असलेले मेदरेणू मिसळले. त्यामुळे औषध काही सेकंदांत, गाठीतील रक्तवाहिन्यांमध्येच मोकळे होऊ लागले.

अशा कणांना ‘लक्ष्यवेधी’ म्हणण्याची प्रथा आहे. विद्यार्थ्यांनी हे विशेषण जपून वापरावे. कण गाठ शोधत नाही. लक्ष्य ठरवते ती बाहेरून दिलेली उष्णता, आणि ती नेमकी व पुरेसा वेळ देणे हेच कठीण असते. यकृताच्या कर्करोगाच्या ७०१ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत २०१३ साली अपेक्षित लाभ दिसला नाही. गाठ किमान ४५ मिनिटे तापविलेल्या रुग्णांना फायदा झाला असावा, असे नंतरच्या विश्लेषणावरून वाटले. म्हणून ५५६ रुग्णांवर दुसरी चाचणी घेण्यात आली. तीही २०२० मध्ये अयशस्वी ठरली.

या दोन अपयशांच्या दरम्यान, २०१८ साली, ऑक्सफर्डमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत यकृतातील गाठी केंद्रित ध्वनिलहरींनी, शस्त्रक्रियेविना, तापविल्या होत्या. दहापैकी सात रुग्णांच्या गाठीत औषधाचे प्रमाण दुप्पट किंवा त्याहून अधिक झाले. अर्थात, तेथे मुख्यतः मोजले गेले ते गाठीत पोहोचलेले औषध. रुग्णाचे आयुष्य किती वाढले, हे ठरविण्यास दहा रुग्ण पुरेसे नव्हते.