पाळीव सापाच्या टाकीला ऊब देताना

सिन्नर-निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा अनेकदा १० अंशांखाली जातो. बॉल पायथन हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. शरीराला लागणारी उष्णता तो बाहेरूनच घेतो. टाकी थंड पडली की खाल्लेला उंदीर पचत नाही, साप तो बाहेर टाकतो. थंडी लांबली तर श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे आणि नाकाशी बुडबुडे दिसणे ही त्याची लक्षणे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

हीटिंग मॅट कशी लावावी?

काचेच्या टाकीला हीटिंग मॅट सोयीची पडते. ती टाकीच्या बाहेरून, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली, एकाच टोकाला लावावी. त्या टोकाचा तळ ३१ ते ३३ अंश आणि दुसरे टोक २५ ते २७ अंश असावे. साप स्वतःच जागा बदलून शरीराचे तापमान सांभाळतो, म्हणून लपायला दोन्ही टोकांना आडोसा द्या.

थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावूच नका. तळ धोकादायक तापला तरी साप बऱ्याचदा तिथून हलत नाही आणि पोटाखालची कातडी भाजते. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या बरोबर वर, तळाशी घट्ट बसवा. तो निसटून गार कोपऱ्यात गेला, तर थर्मोस्टॅटला टाकी थंडच वाटते आणि मॅट तापतच राहते. टाकीच्या आत चिकटपट्टी मात्र वापरू नका, तिने खवले निघतात. भुशाचा जाड थर घातल्यास खाली उष्णता कोंडते, त्यामुळे थर पातळ ठेवा. वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवून रिकामी टाकी एक दिवस-रात्र चालवून पाहा, मगच साप सोडा.

विजेवर तापणारे कृत्रिम दगड घेऊ नयेत. जाळी नसलेला बल्ब आत लावला तर साप त्यालाच वेटोळे घालतो. एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा होतो. खोलीच ३५ अंशांवर गेली तर टाकी गार जागी हलवा. जास्त उष्णता थंडीपेक्षा लवकर जीव घेते.

घरातल्या माणसांची काळजी

टाकीत पाण्याचे भांडे असते, म्हणून अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. हात आत घालण्याआधी प्लग काढा.

वीज गेली तर काही तासांनी निरोगी सापाचे फारसे बिघडत नाही. टाकीवर घोंगडी टाकायची असेल तर हवेला थोडी वाट ठेवा आणि प्लग आधी काढा, कारण वीज परत आली की घोंगडीखाली मॅट सुरू होते. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणसे दगावतात.

निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि केमोथेरपी घेणारे रुग्ण यांनी साप व टाकी हाताळू नये. टाकीतले भांडे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. घरात कुणाला ताप आणि जुलाब झाले, तर घरी साप आहे हे डॉक्टरांना न विचारताही सांगा.

साप भाजला तर

पोटाचे खवले लाल किंवा तपकिरी दिसले, फोड आले, तर मॅट बंद करा आणि तो भाग साध्या गार पाण्याने थंड करा. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नका. भुसा काढून स्वच्छ कागद अंथरा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. सगळेच पशुवैद्यक साप तपासत नाहीत, म्हणून नाशिकमधल्या एखाद्याला आधीच विचारून त्यांचा नंबर जवळ ठेवावा.