उंबरखिंड आणि मुंबईचा शेजार

एका अंगाला बोरघाट आणि दुसऱ्या अंगाला मुंबईची खाडी, अशा बेचक्यात कर्जत-खालापूरचा मुलूख वसला असल्यामुळे, घाटावर एखादा पुरुष स्वराज्याची आकांक्षा धरून उठला म्हणजे समुद्रकाठच्या शेजाऱ्याची भाषा कशी पालटत जाते, हे न्याहाळावयास याहून सोयीचे स्थळ नाही.

1660 साली राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन विजापूरकर सरदार सिद्दी जौहराच्या कुमकेस तोफ व गोळे घेऊन, वर इंग्रजी निशाण मिरवीत शिवाजीराजे वेढ्यात सापडलेल्या पन्हाळ्याखाली हजर झाला, तेव्हा हा मराठा फार दिवस टिकणार नाही असाच त्या व्यापाऱ्यांचा हिशेब असावा. तो चुकला. 2 फेब्रुवारी 1661 रोजी मोगल सुभेदार शाहिस्तेखानाने धाडलेला कारतलबखान खालापूरच्या रानात, उंबरखिंडीत, असा कोंडला गेला की सैन्यातील रायबागन या सरदारणीच्या सल्ल्याने अभय मागून, सामानसुमान टाकून त्यास परतावे लागले. आणि तेथून दक्षिण कोकणात उतरलेल्या राजांनी पुढच्याच महिन्यात राजापूर गाठून वखार लुटली व रेव्हिंग्टनसह इंग्रजांस कैद केले. त्यांची सुटका 1663 साली झाली.

पुढे 1668 साली मुंबई इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे आली आणि लाकूडफाट्यापासून धान्यापर्यंत सारे राजांच्या मुलखातून आणण्याची पाळी इंग्रजांवर आली. मग नजराणे आले, आर्जवे आली. 1674 च्या जून महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकास उपस्थित राहिला व तहही झाला. मात्र फुटलेल्या गलबतांचा माल परत देण्याचे कलम राजांनी कोकणच्या जुन्या वहिवाटीवर बोट ठेवून नामंजूर केले. मला या तहात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते: रिवाज कोणाचा चालावा, हे आता शेजारी ठरवीत नव्हता.

तरीही स्नेह जुळला असे म्हणता येणार नाही. सुरतेच्या व्यापारापायी मोगलांस दुखवू न शकणारे इंग्रज मोगलांच्या बाजूच्या जंजिऱ्याच्या सिद्दीच्या आरमारास मुंबईच्या बंदरात आसरा देतच राहिले, आणि त्या आरमाराचा उपद्रव पेण-नागोठण्याच्या रयतेस भोगावा लागला. 1679 साली राजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी आरंभली, तेव्हा इंग्रजांनी लढून पाहिले, पण बेट हाती येईना. अखेर 1680 च्या मार्चात सिद्दीस आसरा न देण्याचे त्यांनी कबूल केले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 3 एप्रिल रोजी, महाराज निवर्तले.