शाळेत राजकारण नकोच?

“आम्ही बरे आणि आमचा वर्ग बरा, राजकारण नको,” हे शिक्षकांच्या खोलीत हमखास ऐकू येणारं वाक्य. राजकारण म्हणजे पक्ष, झेंडे आणि बदलीसाठी आमदारांची चिठ्ठी, एवढंच धरलं तर ते पटतंही. पण शाळेचं साधं वेळापत्रक बदलायचं म्हटलं तरी कोणाची सोय मोडते, कोणाचा मान दुखावतो आणि शब्द कोणाचा चालतो, हे बघावंच लागतं.

योजना चांगली असली की लोक आपोआप मागे येतात, हाही एक भाबडा समज. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा सरकारी मान्यता नव्हती आणि तिजोरीही रिकामीच. मान्यतेसाठी अडून न बसता ते वर्गणी मागत फिरले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव लागलं. तडजोड म्हणून कोणी खुशाल नाक मुरडावं. पाटीवरचं नाव देऊन कर्व्यांनी मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह राखला. सौदा वाईट नव्हता.

मग हाती सत्ता आली की काम फत्ते? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. खुद्द छत्रपतींचा हुकूम, तरी मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवावा लागला.

गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे तर तेवढीही सत्ता नव्हती. त्यांचं १९११ चं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मुळातच जपून बेतलेलं होतं: सरसकट सक्ती नाही, स्थानिक संस्थांना वाटलं तर आणि सरकारने परवानगी दिली तर. तरीही पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. प्रयत्न फुकट गेला म्हणावं, तर १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता तसा कायदा करून घेतलाच. मागणी आटोपशीर केली आणि ती पदरात पडली.

आज लोकांना सोबत घेण्याची खरी कसोटी लागते ती शाळा व्यवस्थापन समितीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. पुष्कळ ठिकाणी समिती म्हणजे इतिवृत्त आधी लिहायचं आणि मग घरोघर सह्या गोळा करायच्या. कागद पूर्ण होतो, पण अडचणीच्या वेळी पाठीशी कोणीच नसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावात हे चटकन कळतं. मुलांना मागे ठेवून हंगामी वसतिगृह चालवायचं, तर टोळ्या निघण्याआधीच बोलणी व्हावी लागतात. घरी राहणारी आजी तयार हवी, सरपंचाने खोली द्यायला हवी, आणि ‘पोरांनाही घेऊन चला’ म्हणणाऱ्या मुकादमाशीही दोन शब्द बोलावे लागतात. हे करणाऱ्या मुख्याध्यापकाला बैठक सकाळी अकराला ठेवून चालत नाही. मजुरीवरून बाया परततात त्या सांजवेळेलाच ती घ्यावी लागते.