रोखेविक्रीचे दस्तऐवजीकरण : एक दुर्लक्षित व्यवसाय

प्रस्तावना :
महानगरपालिकेने कर्जरोखे विकून निधी उभारला की रक्कम व व्याजदर यांची चर्चा होते. मात्र त्यामागील दस्तऐवज तयार करण्याचे दीर्घ काम पडद्याआडच राहते. वाणिज्य व विधी शाखांच्या विद्यार्थ्यांनाही या व्यवसायाची ओळख क्वचितच होते. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट केले आहे.

उगम :
एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक शहरांनी रेल्वेमार्गांच्या साहाय्यासाठी रोखे काढले. पुढे काहींनी, रोखे काढण्याची प्रक्रियाच बेकायदेशीर होती असे कारण पुढे करून परतफेड नाकारली. डुब्यूक शहराच्या रोख्यांचा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १८६४ मध्ये निकाल रोखेधारकांच्या बाजूने लागला. तथापि न्यायालयात जाण्यापेक्षा आधीच खात्री करून घेणे गुंतवणूकदारांना श्रेयस्कर वाटू लागले. रोख्यांच्या वैधतेविषयी स्वतंत्र विधिज्ञाचे लेखी मत घेण्याची प्रथा अशा अनुभवांतून रूढ झाली.

भारतातील स्वरूप :
अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ मध्ये राज्य शासनाच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे रोखे काढले. सेबीने २०१५ मध्ये नगरपालिका रोख्यांसाठी स्वतंत्र विनियम केले. त्यानंतर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के दराने २०० कोटी रुपये उभारले. शासनाची हमी नसते तेथे गुंतवणूकदाराची भिस्त माहितीपत्रकावर असते. सभेचा ठराव, शासनाची मान्यता, लेखापरीक्षित हिशेब, पतमानांकन, विश्वस्ताशी करार आणि परतफेडीसाठी राखून ठेवलेले एस्क्रो खाते यांची सांगड त्यात घालावी लागते. प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहणे, जुनी कर्जे व प्रलंबित दावे यांची नोंद करणे हे या कामाचे सार होय.

जबाबदारी :
या व्यावसायिकाचे मानधन रोखे काढणारी संस्था देते. परंतु त्याच्या लेखनावर विसंबतो तो त्याने कधीही न पाहिलेला गुंतवणूकदार. एखादा मोठा दावा वगळण्याचा आग्रह झाल्यास नकार देण्याचे धैर्य त्याच्याजवळ असावे लागते. या व्यवसायाची खरी कसोटी येथेच आहे.

समारोप :
लेखाशास्त्र व विधीचे ज्ञान, नेमकी भाषा आणि सचोटी यांचा संगम या व्यवसायात आवश्यक ठरतो. एखाद्या महानगरपालिकेचे माहितीपत्रक वर्गात ओळीओळीने वाचून घेतल्यास पाठ्यपुस्तकातील ‘प्रकटीकरण’ ही संकल्पना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उमजेल.