लेसर-लिखित नॅनोसंरचना

लेसर-लिखित नॅनोसंरचना : अत्यल्प काळ टिकणाऱ्या लेसर स्पंदांच्या साहाय्याने काच, सिलिकॉन यांसारख्या घन पदार्थांच्या पृष्ठभागावर किंवा अंतर्भागात निर्माण केलेल्या व प्रकाशाच्या मार्गावर वा स्वरूपावर परिणाम करणाऱ्या सूक्ष्म रचना. यांची मापे काही मायक्रोमीटरपासून (१ मायक्रोमीटर = मीटरचा १० लक्षावा भाग) सु. १०० नॅनोमीटरपर्यंत व काही बाबतींत त्याहूनही कमी असतात (१ नॅनोमीटर = मीटरचा १ अब्जावा भाग). दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सु. ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. म्हणजे यांपैकी सर्वांत लहान रचना त्या कोरणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असतात. शिवाय वरच्या पृष्ठभागाला इजा न पोहोचविता त्या पदार्थाच्या आत हव्या त्या खोलीवर करता येतात. हे कसे शक्य होते आणि जे काचेत १९९६ मध्ये साधले ते सिलिकॉनमध्ये साधण्यास आणखी दोन दशके का लागली, हे या विषयातील दोन प्रमुख प्रश्न होत.

इतिहास : एक इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन फोटॉन (प्रकाशकण) शोषू शकेल, असे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये सैद्धांतिक रीत्या दाखविले, परंतु त्यासाठी लागणारी प्रकाशाची तीव्रता त्या काळी उपलब्ध नव्हती. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाचा लेसर कार्यान्वित केल्यावर पुढच्याच वर्षी डब्ल्यू. कायझर व सी. जी. बी. गॅरेट यांनी हा परिणाम प्रयोगाने सिद्ध केला. तीव्र विद्युत् क्षेत्रात अणूंचे व घन पदार्थांचे आयनीभवन कसे होते, याचा सिद्धांत एल. व्ही. केल्डिश यांनी १९६४ मध्ये मांडला. लेसरच्या आघाताने अर्धसंवाहकाच्या पृष्ठभागावर समांतर सूक्ष्म वळ्या उठतात, हे एम. बर्नबाउम यांना १९६५ मध्ये आढळले.

अतिलघू स्पंदांची ऊर्जा वाढविण्यात मोठी अडचण होती. स्पंद विवर्धित करू लागताच त्याची तीव्रता इतकी वाढे की, विवर्धकातील स्फटिकालाच इजा होई. डॉना स्ट्रिकलंड व झेरार मूरू यांनी रॉचेस्टर विद्यापीठात १९८५ मध्ये यावर उपाय काढला : स्पंद प्रथम कालदृष्ट्या ताणून लांब करावयाचा, या सौम्य अवस्थेत त्याचे विवर्धन करावयाचे व शेवटी तो पुन्हा आखूड करावयाचा. या कार्याबद्दल त्यांना २०१८ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये शोधून काढलेल्या टिटॅनियमयुक्त नीलमण्याच्या लेसरशी या पद्धतीची सांगड घालण्यात आल्यावर सु. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचे व सु. १०० फेम्टोसेकंद टिकणारे शक्तिशाली स्पंद प्रयोगशाळांना सुलभ झाले.

एका सेकंदाचे दहा लक्ष अब्ज समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद होय. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाश निर्वातात केवळ ३० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या सर्वसाधारण जाडीहूनही कमी अंतर जातो. अशा स्पंदात एका जूलचा एक कोटीवा भाग एवढीच ऊर्जा असली, तरी त्याची शक्ती सु. १० लक्ष वॉट होते आणि तो भिंगाने १ मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यावर केंद्रित केल्यास तेथील तीव्रता दर चौ. सेंमी.ला सु. एक लक्ष अब्ज वॉट इतकी होते.

तत्त्व : काच पारदर्शक असते याचे कारण तिच्यातील इलेक्ट्रॉनांना बंधमुक्त होण्यासाठी लागणारी ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनाजवळ नसते. शुद्ध सिलिका काचेत हे ऊर्जा-अंतर सु. ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, तर ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनाची ऊर्जा सु. १·५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. हा उंबरठा एकट्या फोटॉनाला ओलांडता येत नाही. मात्र सहा फोटॉन एकाच क्षणी शोषले गेले, तर तो ओलांडला जातो. अशा शोषणाचा वेग तीव्रतेच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो. तीव्रता निम्मी झाली की, हा वेग एकदम चौसष्टांश होतो. त्यामुळे भिंगातून येणारा झोत वाटेतील काचेतून निर्वेध जातो व त्याचे शोषण फक्त केंद्रबिंदूपाशी होते. केंद्रबिंदूपाशीही ठिपक्याच्या मध्यभागी तीव्रता सर्वाधिक असल्याने शोषणाचे क्षेत्र ठिपक्याच्या रुंदीच्या सु. चार-दशांश इतकेच राहते. प्रकाशाने स्वतःच्या ठिपक्याहून बारीक रेघ ओढावी, यामागील एक रहस्य हेच आहे.

याप्रमाणे मुक्त झालेले थोडे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत् क्षेत्राने वेगवान होतात व इतर इलेक्ट्रॉनांना धक्के देऊन मुक्त करतात. त्यांची संख्या भराभर वाढून केंद्रबिंदूपाशी दाट आयनद्रायू तयार होतो. इलेक्ट्रॉनांनी मिळविलेली ही ऊर्जा अणूंना पोहोचण्यास काही पिकोसेकंद (१ पिकोसेकंद = १,००० फेम्टोसेकंद) लागतात. तोपर्यंत स्पंद संपलेला असतो. आणि केंद्रभागातून उष्णता बाहेर पसरण्यास तर याहून पुष्कळच अधिक, सु. एक मायक्रोसेकंद, वेळ लागतो. म्हणून एकेकट्या स्पंदाने होणारा बदल जागच्या जागी राहतो; भोवतालची काच वितळत अथवा तडकत नाही. स्पंद फार जलद, उदा., सेकंदाला सु. १० लक्ष या प्रमाणात, पाठोपाठ आले तर मात्र उष्णता साठत जाते. काही कामांत या साठ्याचा मुद्दाम उपयोगही करून घेतात.

काचेतील रचनांचे प्रकार : स्पंदाच्या ऊर्जेनुसार सिलिका काचेत तीन प्रकारचे बदल होतात. कमी ऊर्जेला काच स्थानिक रीत्या किंचित दाट होते व तिचा प्रणमनांक थोडासा वाढतो. मध्यम ऊर्जेला नियमित अंतरावरील पातळ पापुद्र्यांची रचना उद्‌भवते. अधिक ऊर्जेला केंद्रबिंदूपाशी सूक्ष्म स्फोट होऊन दाट भिंत असलेली पोकळी उरते.

पहिल्या प्रकाराचा उपयोग के. एम. डेव्हिस, के. मिउरा, एन. सुगिमोतो व के. हिराओ यांनी जपानमध्ये १९९६ साली केला. काच केंद्रबिंदूखालून हळूहळू सरकविल्यास वाढीव प्रणमनांकाची अखंड रेघ तयार होते. प्रकाशीय तंतूच्या गाभ्याप्रमाणे ही रेघ प्रकाशाला आपल्यात धरून पुढे नेते. काच तिन्ही दिशांना सरकविता येत असल्यामुळे असे तरंगमार्गदर्शक एकमेकांच्या वरून-खालून नेता येतात. सपाट पृष्ठभागावर थर देऊन केलेल्या मंडलांत ही सोय सहज मिळत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात ई. एन. ग्लेझर, एरिक मेझर व त्यांचे सहकारी यांनी काचेत सूक्ष्म ठिपक्यांचे थरांवर थर रचून माहिती साठविता येते, असे दाखविले.

सूक्ष्म जालके : दुसरा प्रकार सर्वांत विस्मयकारक आहे. वाय. शिमोत्सुमा, पी. जी. कझान्स्की, जे. चिउ व के. हिराओ यांनी काचेतील लेसरग्रस्त भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्यात एकमेकांना समांतर असे अतिशय पातळ पापुद्रे दिसले. हे निष्कर्ष त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. झोतात कोणताही आराखडा नसताना ही जालके आपोआप घडतात. पापुद्र्यांची प्रतले प्रकाशाच्या ध्रुवण दिशेला (विद्युत् क्षेत्राच्या कंपनाच्या दिशेला) काटकोनात असतात व त्यांतील अंतर काचेतील तरंगलांबीच्या साधारणपणे निम्मे असते. ८०० नॅनोमीटर तरंगलांबी व १·४५ प्रणमनांक धरल्यास हे अंतर सु. २७५ नॅनोमीटर येते. पापुद्रे सच्छिद्र व ऑक्सिजनन्यून असल्याचे दिसून आले आहे. त्यांच्या उत्पत्तीसंबंधी एकाहून अधिक उपपत्ती आहेत. एका मतानुसार प्रकाशतरंग व आयनद्रायूतील तरंग यांच्या व्यतिकरणातून, तर दुसऱ्या मतानुसार आयनद्रायूच्या सूक्ष्म बिंदूंभोवती विद्युत् क्षेत्र वाढून ते बिंदू चपटे होत गेल्यामुळे हे पापुद्रे बनतात. या बाबतीत अद्यापि मतैक्य झालेले नाही.

जालकाचे पापुद्रे तरंगलांबीहून जवळजवळ असल्यामुळे प्रकाशाला ते सुटे जाणवत नाहीत; तो संपूर्ण भाग द्विप्रणमनी स्फटिकासारखा वागतो. म्हणजेच पापुद्र्यांना समांतर व लंब अशा दोन ध्रुवण दिशांना तेथे निरनिराळे प्रणमनांक लाभतात. ध्रुवण दिशा फिरविली की, जालकही फिरते. या गुणामुळे काचेच्या प्रत्येक बिंदूला हवी ती दिशा देऊन झोताचे ध्रुवण बदलणाऱ्या पट्टिका तयार करता येतात. तसेच जालके असलेला भाग हायड्रोफ्ल्युओरिक अम्लात अन्य काचेपेक्षा फार लवकर विरघळतो. त्यामुळे आधी लेसरने आखून मग अम्लात बुडविल्यास काचेत द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या कोरल्या जातात.

सिलिकॉनमधील अडचणी : सिलिकॉनच्या पृष्ठभागावर अशी कामे पूर्वीपासून होत आली आहेत. सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड वायूत ठेवलेल्या सिलिकॉनवर फेम्टोसेकंद स्पंदांचा मारा केला असता त्यावर टोकदार सूक्ष्म शंकूंचे दाट रान उगवते व करडा चकचकीत पृष्ठभाग काळाभोर होतो, असे मेझर यांच्या प्रयोगशाळेत आढळले व १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा ‘काळा सिलिकॉन’ त्यात शिरलेल्या गंधकामुळे, एरवी सिलिकॉनमधून आरपार जाणारा अवरक्त प्रकाशही शोषतो.

अंतर्भागात लिहिणे मात्र कठीण ठरले. सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर केवळ १·१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने ८०० नॅनोमीटरचा प्रकाश त्यात शिरताच शोषला जातो. म्हणून १,१०० नॅनोमीटरहून अधिक तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरावा लागतो. १,५५० नॅनोमीटरच्या फोटॉनाची ऊर्जा ०·८ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणजे काचेत जेथे सहा फोटॉन लागतात तेथे सिलिकॉनमध्ये दोनच पुरतात. उंबरठा सोपा झाला, हीच येथे अडचण होय. तीव्रता निम्मी केली तरी शोषण चौसष्टांश न होता केवळ चतुर्थांश होते. परिणामी झोत केंद्रबिंदूला पोहोचण्यापूर्वीच वाटेत शोषला जाऊ लागतो आणि तेथे मुक्त झालेले इलेक्ट्रॉन उरलेल्या प्रकाशाला पांगवितात. स्पंदाची ऊर्जा वाढविली, तर केंद्रबिंदूपाशी काही न वाढता वाटेतील हानीच वाढते. शिवाय सिलिकॉनचा प्रणमनांक सु. ३·५ इतका मोठा असल्यामुळे सपाट पृष्ठभागावरून सु. ३० टक्के प्रकाश परावर्तित होतो व आत शिरलेले किरण एका बिंदूत नीट मिळत नाहीत.

या अडचणींवर निरनिराळ्या मार्गांनी मात करण्यात आली. फ्रान्समधील एम. शानाल, डी. ग्रोजो व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये सिलिकॉनचा गोल वापरून त्याच्या मध्यबिंदूवर झोत केंद्रित केला. गोलाच्या मध्याकडे जाणारा प्रत्येक किरण पृष्ठभागाला लंब असल्याने वाकत नाही व फार रुंद कोनातून प्रकाश एकत्र आणता येतो. वाटेतील तीव्रता त्यामुळे कमी राहते व फेम्टोसेकंद स्पंदाने सिलिकॉनच्या आत स्थायी बदल घडविता येतो. तुर्कस्तानातील बिल्केंट विद्यापीठात ओनुर टोकेल व त्यांचे सहकारी यांनी त्याच वर्षी उलट वाट धरली. त्यांनी नॅनोसेकंद टिकणारे, म्हणजे पुष्कळ लांब, स्पंद वापरून सिलिकॉनच्या पोटात भिंगे व त्रिमितीय चित्रे लिहिली. याच विद्यापीठातील गटाने २०२४ मध्ये विवर्तनाने सहसा न पसरणाऱ्या विशिष्ट आकाराच्या झोतांचा उपयोग करून सिलिकॉनमधील रचनांचे माप सु. १०० नॅनोमीटरपर्यंत खाली आणले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, स्पंद जितका लघू तितका चांगला, हा काचेतील अनुभव सिलिकॉनला जसाच्या तसा लागू पडत नाही.

उपयोग व मर्यादा : प्रकाशीय संदेशवहनातील व पुंज प्रकाशकीच्या प्रयोगांतील लहान मंडले, प्रकाशीय तंतूंतील जालके, ध्रुवण बदलणाऱ्या पट्टिका, रासायनिक व जैव परीक्षणासाठी काचेतील सूक्ष्म नलिका इ. कामांसाठी या तंत्राचा उपयोग होतो. सर्वांत अधिक चर्चा माहितीच्या चिरकाल साठवणीची झाली आहे. ठिपक्याच्या जागेचे तीन निर्देशक, जालकाची दिशा व द्विप्रणमनाचे प्रमाण अशा पाच राशींत माहिती नोंदविण्याची पद्धत कझान्स्की व त्यांचे सहकारी यांनी साउदॅम्प्टन विद्यापीठात विकसित केली. तीस ‘पंचमितीय’ म्हणत असले, तरी तीत अवकाशाच्या मिती तीनच आहेत. अशा एका चकतीत ३६० टेराबाइट (१ टेराबाइट = १,००० गिगाबाइट) माहिती मावेल आणि ती १९०° से. तापमानालाही १,३८० कोटी वर्षे टिकेल, असे त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केले. हा काळ प्रत्यक्ष पाहिलेला नसून अधिक तापमानांना केलेल्या प्रयोगांवरून काढलेला अंदाज आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. मायक्रोसॉफ्ट या कंपनीने २०१९ मध्ये ७५ मिमी. लांब, ७५ मिमी. रुंद व २ मिमी. जाड काचेच्या तुकड्यात १९७८ चा ‘सुपरमॅन’ हा चित्रपट साठवून दाखविला. त्यातील माहिती ७५·६ गिगाबाइट होती.

टिकाऊपणापेक्षा लेखनाचा वेग ही येथील खरी अडचण आहे. साउदॅम्प्टन येथेच २०२१ मध्ये सेकंदाला सु. २३० किलोबाइट हा वेग गाठल्याचे प्रसिद्ध झाले. या वेगाने ३६० टेराबाइटची चकती एकाच झोताने भरावयाची, तर सु. ५० वर्षे लागतील. अनेक झोतांनी एकाच वेळी लिहिणे व प्रत्येक ठिपक्याला लागणाऱ्या स्पंदांची संख्या कमी करणे, हे यावरील उपाय होत. जालकांमुळे होणारे प्रकाशाचे प्रकीर्णन, लेसरची किंमत आणि सिलिकॉनमधील प्रणमनांकाच्या बदलावर असलेले अपुरे नियंत्रण या इतर मर्यादा आहेत. कागद, चुंबकीय फीत व चुंबकीय तबकडी यांवरील नोंदी काही दशकांनी वा शतकांनी पुन्हा उतरवून घ्याव्या लागतात. काचेतील नोंदीला ते करावे लागू नये, हा या सर्व खटाटोपाचा हेतू आहे. मात्र अशी नोंद वाचण्यासाठी ध्रुवण मोजणारा सूक्ष्मदर्शक आणि तीतील संकेतांची उकल ही दोन्ही पुढील पिढ्यांजवळ असावी लागतील. काच टिकली, तरी ही समज काचेबरोबर आपोआप टिकत नाही.