पट परतला, कोठे रिकामे

धान बांधीतून खळ्यावर आणि खळ्यावरून घरात गेला की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत शेतीचे वर्ष संपते आणि मोसम सुरू होतो. वैनगंगेच्या एका काठाला ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड. दुसऱ्या काठाला आरमोरी, वडसा, कुरखेडा. दिवाळीची मंडई आटोपली की एकेका गावाचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, लागतो. मोकळ्या शिवारात शेजारी शेजारी दोन चाकोऱ्या, हलकी छकडी, तिच्यावर ओणवा धुरकरी आणि बाजूच्या चाकोरीत दुसऱ्या गावची जोडी. जोडी एका मालकाची, पण हरली की मान खाली जाते अख्ख्या गावाची.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. त्यामागचे कारण पटवाल्यांनीही नाकारू नये. खिळा लावलेली तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, आणि पिरगाळलेली शेपटी पटात कोणी पाहिली नाही, असे म्हणणारा एक तर पटाला गेला नसेल किंवा खोटे बोलत असेल. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने सूट दिली, तिला न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. 2017 मध्ये राज्याने स्वतःचा कायदा केला, तो त्याच वर्षी उच्च न्यायालयात अडकला. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. मधले सात मोसम पट कायद्याबाहेर राहिला.

या काळात नाटकाने गावे सावरली. पट दिवसाचा आणि नाटक रात्रीचे, अशी इथली जुनी जोडी. दिवसाचा बैल गेला तरी रात्रीचा गडी चालत राहिला. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा लागत राहिल्या, लेकी-जावई पाहुणे येत राहिले, मंडपातच सोयरिकी जुळत राहिल्या. पुढे टाळेबंदीने तोही पडदा पाडला. 2023 साली पटाचा निकाल लागला, त्याच वर्षी याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीची दोन्ही चाके पुन्हा रस्त्याला लागली, असे त्या वर्षी वाटले.

एक हिशेब मात्र कोर्टात मांडला जात नाही. गोऱ्हा निवडायचा, त्याला जोड शोधायची, जुवाची सवय लावायची, मग छकडीला जुंपायचा. यात काही वर्षे जातात. सात मोसम म्हणजे बैलाच्या उमेदीचा बहुतेक काळ. 2014 च्या सुमारास वयात आलेली गोऱ्ह्यांची एक अख्खी पिढी चाकोरीत न उतरताच म्हातारी झाली. तिच्याबरोबर गोऱ्ह्याच्या चालीवरून त्याचा वेग ओळखणारी नजरही मंदावली.

हा दोष केवळ बंदीचा नाही. चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागली आणि बैल कामातून गेला. 2012 च्या पशुगणनेत देशात गोवंशातील नर सुमारे 6 कोटी 79 लाख होते. 2019 च्या गणनेत ते 4 कोटी 74 लाखांवर आले. म्हणजे दर दहांतले तीन गेले. वर्षभर बैलाला चारा घालण्यासाठी शेतीचे कारण उरले नव्हते. पटाची हौस तेवढी उरली होती. बंदीने तीही काढून घेतली.

आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, तुतारीविना पट भरतो. गर्दीही होते. पण पूर्वी शेतात राबणारा बैल मोसमापुरता पटात उतरायचा. आता पटासाठी वेगळा बैल पाळावा लागतो आणि ते लहान शेतकऱ्याला झेपत नाही. न्यायालयाने पट परत दिला. कोठ्यातली, म्हणजे गोठ्यातली, जोडी परत देणे कोणत्याही न्यायालयाच्या हातात नाही.